दोनशे दहाचा बॉक्स

मी नोकरीसाठी पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभी राहिले तेव्हा ते 'या' म्हणाले नाहीत, 'बसा' म्हणाले नाहीत. पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघितलं आणि म्हणाले, "एकसष्ट."

मला वाटलं, मुलाखतीला आलेल्यांतला माझा नंबर असेल. म्हटलं, "काय एकसष्ट?"

"किलो. साठच म्हणणार हुतो, पर खांद्याला पिशवी हाय."

मी बी.कॉम. झालेली, एका मुलीची आई, इस्त्रीची साडी नेसून आलेली बाई. कुणी माझ्या तोंडावर माझं वजन सांगावं याची मला सवय नव्हती. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, म्हातारा चक्रम आहे, मी काही जायची नाही. दुसऱ्या दिवशी गेले, आणि पुढं सात वर्षं जात राहिले.

त्यांना सगळं मार्केट यार्ड अण्णा म्हणायचं. सांगलीत त्यांचा बेदाण्याचा व्यापार होता. चाळीस वर्षं पोती आणि बॉक्स उचलून, बघून, मोजून त्यांच्या डोळ्यांना वजनाची अशी सवय लागली होती की समोर माणूस आला तरी त्यांना आधी किलोच दिसायचे. किलोभराच्या वर फरक कधी पडला नाही. एका लग्नात स्टेजवर जाऊन त्यांनी नवरानवरीला आशीर्वाद दिला आणि वर "दोघं मिळून एकशे चौतीस" असंही सांगून आले. त्यातला मोठा वाटा नवरीचा होता, हे सगळ्यांना दिसतच होतं. मुलीकडचे जेवणाच्या पंगतीत आमच्याशी बोलले नाहीत.

खुर्चीवर ते बसायचे नाहीत. दुकानात चांगली फिरती खुर्ची होती, तिच्यावर हिशेबाच्या वह्या बसायच्या. अण्णा बसायचे पालथ्या घातलेल्या क्रेटवर. दिवस मावळला की तोंडात पाण्याशिवाय काही जायचं नाही, त्यामुळं संध्याकाळी साडेपाचपासून त्यांची नजर घड्याळाकडं नसायची, दारातल्या उन्हाकडं असायची. ऊन पायरी सोडून गेलं की डबा उघडायचा आणि पाच मिनिटांत संपवायचा. त्या पाच मिनिटांत खुद्द बाजार समितीचा सभापती आला असता तरी त्याला उभं राहावं लागलं असतं.

'छान' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. स्वतःच्या मालाबद्दल तर नाहीच. गिऱ्हाईक फोनवर विचारायचं, "माल कसा आहे, अण्णा?" हे म्हणायचे, "गेल्या म्हैन्यात ह्याच्यापेक्षा बरा हुता." मी पलीकडच्या टेबलावर डोक्याला हात लावून बसायची. पुण्याच्या एका कंपनीकडून आम्ही ऑनलाइन विक्रीची वेबसाइट करून घेतली, तेव्हा प्रत्येक मालाखाली चार ओळी लिहायच्या होत्या. मी मोठ्या हौशीनं 'सोनेरी', 'रसाळ', 'निवडक' असलं बरंच काही लिहिलं. अण्णांनी ते वाचलं आणि खोडायला लावलं. दुसऱ्या प्रतीच्या बेदाण्याखाली त्यांनी सांगितलेलं वाक्य शब्दशः टाकावं लागलं: 'दिसायला देखणा, खायला बेताचा. लग्नाच्या पंगतीला चालेल.' गंमत म्हणजे सगळ्यात जास्त तोच खपायचा.

त्याच कंपनीच्या पोरानं एकदा सुचवलं की दोनशे वीसऐवजी दोनशे एकोणीस लिहा, गिऱ्हाइकाला स्वस्त वाटतं. अण्णा त्याच्याकडं बघतच राहिले.

"एक रुपया कमी कशापायी?"

"सगळे करतात, काका. सायकॉलॉजी असते."

"म्हंजे फसवायचं, पर रुपयानं. फसवायचंच तर रुपयासाठी कशाला, गड्या?"

त्या पोरानं पुढं सल्ला दिला नाही. मात्र त्याच बैठकीत अण्णांनी एक नियम घातला, की वेबसाइटवर भाव टाकायचा तो फक्त त्यांनी. बाकी सगळं मी करायचं, ऑर्डरी, बिलं, कुरिअर, कुठला माल संपला कुठला आला, सगळं. भावाचा पासवर्ड मात्र त्यांच्या डोक्यात. "सौद्यात भाव ज्याच्या तोंडातनं निघंल त्यो त्याचा," म्हणायचे. मला राग यायचा. एका बोटानं, चष्मा कपाळावर ढकलून, आकडा टाकायला त्यांना पाच मिनिटं लागायची, आणि मी शेजारी उभी.

पण माझ्यावर त्यांचा विश्वास नव्हता असं नव्हे, उलट होता तो जरा जास्तच होता. मिरजेच्या एका मिठाईवाल्यानं एकदा फोनवर आरडाओरडा केला, की माल पाच किलो कमी भरला, तुमच्या बाईनं बिलात गडबड केलीय. अण्णांनी बिल मागवलं नाही. मला विचारलंही नाही. "आमच्या ताई खोटं लिवत न्हाईत. तुमचा काटा तपासा," म्हणाले आणि फोन ठेवून दिला. त्याचा काटाच बिघडलेला निघाला. पण तो तसा निघायच्या आधी अण्णा बोलले होते. माझ्या वडिलांनीसुद्धा माझी बाजू अशी डोळे मिटून कधी घेतली नव्हती. तो दिवस मी विसरले नाही, आणि म्हणूनच पुढचं सांगताना मला माझीच लाज वाटते.

दिवाळीला तीन आठवडे होते. तोवर वेबसाइटवर आमची अर्ध्या किलोची आणि किलोची पाकिटं असायची. त्या वर्षी पहिल्यांदाच पंधरा किलोचा अख्खा बॉक्स विकायला ठेवायचं ठरलं. मिठाईवाले, कंपन्या, मोठी कुटुंबं घेतील म्हणून. शंभर बॉक्स बाजूला काढले. मंगळवारी सकाळी नऊला अण्णांनी दुकानात बसून बॉक्सचा भाव टाकला आणि तासगावला सौद्याला, म्हणजे बेदाण्याच्या लिलावाला गेले. सौद्याच्या वेळी त्यांचा फोन बंद करून नमुन्याच्या पत्र्याच्या डब्यात जायचा. दुपारी तीनपर्यंत ते कुणालाच सापडायचे नाहीत.

मुलीला ताप होता म्हणून मी त्या दिवशी घरून काम करत होते. नवऱ्याची एमआयडीसीत दुसरी पाळी, त्यामुळं तोही घरात. अकरा वाजून गेल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि मला वाटलं, जागरणानं माझेच डोळे फिरलेत.

पंधरा किलोचा बॉक्स, दोनशे दहा रुपये.

असायला हवे होते तीन हजार एकशे पन्नास. दोनशे दहा हा किलोचा भाव होता. काय झालं ते माझ्या लगेच लक्षात आलं. सौद्यात माल बॉक्सनं मांडलेला असतो, पण बोली होते ती किलोवर. अण्णा चाळीस वर्षं बॉक्ससमोर उभं राहून "दोनशे दहा" म्हणत आले होते, आणि समोरच्याला त्याचा बरोबर अर्थ कळत आला होता. बॉक्सची किंमत पुरी अशी त्यांच्या तोंडातून कधी निघालीच नव्हती. वेबसाइटनं विचारलं, बॉक्सचा भाव काय? त्यांच्या बोटानं नेहमीचं उत्तर दिलं. ही चूक पुण्यातल्या पोराकडून झाली नसती, माझ्याकडून झाली नसती. ती फक्त खऱ्या बेदाण्यावाल्याकडूनच होण्यासारखी होती.

तोवर सहा बॉक्स गेले होते, सगळे लांबच्या, परराज्यातल्या पत्त्यांवर. मी अण्णांना फोन लावला, तो अर्थात बंद. भाव मला बदलता येत नव्हता. पण 'माल संपला' असं दाखवायचं बटण माझ्याकडं होतं. दोन सेकंदांचं काम होतं ते.

मी ते दाबायच्या आधी हसत हसत नवऱ्याला हाक मारली. "अहो, बघा आमच्या अण्णांनी काय केलंय!"

तो आला, त्यानं बघितलं, आणि त्याचे डोळे चमकले. "थांब थांब, बंद करू नकोस. साताऱ्याला एक बॉक्स पाठवतो, भाऊबीज होऊन जाईल."

"अहो, अण्णांचं नुकसान होईल."

"कसलं नुकसान? चूक दिसतीय ना उघड. म्हातारा सगळ्या ऑर्डरी कॅन्सल करणार. कोण देतंय दोनशे दहाला? झाली तर झाली, नाही तर पैसे परत. दहा मिनिटं थांब, मित्रांना गंमत दाखवतो."

हे बोलणं मला पटलं, असं मी म्हणू शकत नाही. पटलं नव्हतं. पण मी थांबले. त्यानं धाकट्या बहिणीच्या नावानं ऑर्डर टाकली आणि मित्रांच्या ग्रुपवर लिंक पाठवली. दहाची पंधरा मिनिटं झाली, पंधराची पंचवीस. मुलीला मी औषध दिलं, पेज केली. मध्ये मध्ये स्क्रीनवर टिंग वाजत होतं. मग मी येऊन नावं वाचायला लागले.

लिंक एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर अशी गावभर फिरली होती, आणि ही सगळी आमची माणसं होती. अण्णांच्या गुडघ्यावर वर्षभर उपचार करणारे डॉक्टर. ज्या मंदिराला अण्णा दर वर्षी रंग देतात तिथले विश्वस्त. शेजारच्या गाळ्यातला व्यापारी, ज्याला बेदाण्याचा भाव झोपेतही पाठ, त्यानं दहा बॉक्स. अण्णांच्या मुलीला शिकवलेल्या बाई. मला वाटत होतं, आता कुणीतरी अण्णांना नाही तर मला फोन करेल, म्हणेल, अहो, काहीतरी चुकलंय तुमचं. फोन वाजलाच नाही, वाजत होतं ते टिंग. माझ्या गावातली इतकी शहाणीसुरती माणसं एका सकाळी अशी एका ओळीत उभी राहतील, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या तोंडावर हसले असते. आणि त्या ओळीत सगळ्यांत पुढं आमचंच घर होतं.

मी बटण दाबलं तेव्हा घड्याळात अकरा बावन्न झाले होते. अण्णांना फोन लावला होता अकरा वाजून बारा मिनिटांनी. चाळीस मिनिटांत शहाऐंशी बॉक्स गेले होते.

तीन वाजता अण्णांचा फोन आला. मी सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "मी बघितलं तसं लगेच बंद केलं, अण्णा."

"बरं केलंसा, ताई," ते म्हणाले.

संध्याकाळी दुकानात मी यादी छापून त्यांच्यापुढं ठेवली. पुण्याच्या कंपनीनं फोनवर सांगितलं, काळजी करू नका, एक बटण दाबलं की सगळ्या ऑर्डरी रद्द होतात, 'तांत्रिक चुकीमुळे' असा मेसेज जातो, मोठमोठ्या कंपन्या हेच करतात. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. अण्णा म्हणाले, "तांत्रिक कशी? बोट माझं चुकलंय. मशीनचं नाव कशाला घ्यायचं?"

आधी त्यांनी परराज्यातल्या सहा जणांना स्वतः फोन केले. त्यांचं हिंदी ऐकण्यासारखं होतं. "भाईसाब, मेरा गलती हुआ. किलो का भाव बॉक्स को लगाया. तुम्हारा पैसा वापस करता." पाच जण हसले आणि बरं म्हणाले. सहाव्यानं शिव्या दिल्या, त्या अण्णांनी पुऱ्या ऐकून घेतल्या. मग उरलेली यादी घेतली. एकेक नाव मोठ्यानं वाचलं, अगदी सावकाश. डॉक्टरांच्या नावाशी थांबले. शेजारच्या व्यापाऱ्याच्या नावाशी थांबले आणि दोन गाळ्यांमधल्या भिंतीकडं बघितलं. साताऱ्याचं नाव वाचताना मात्र थांबले नाहीत. माझ्या नणंदेचं सासरचं आडनाव वेगळं, त्यांना काय कळणार, म्हणून मी श्वास सोडला.

यादी संपल्यावर त्यांनी फोन काढून, तो बंद असताना आलेल्या कॉलचा मेसेज मला दाखवला. "दिसभरात एकच मिस कॉल हाय बघा. तुमचा."

मला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगून टाकायला हवं होतं, तोंड उघडलंही होतं. पण समोर तो माणूस माझ्याकडं असा बघत होता, की बाकी गावानं जे केलं ते केलं, एक तुमी तेवढ्या खऱ्या. नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती. त्यांच्या डोळ्यांतलं ते गेलं असतं तर मला पुन्हा कुठून मिळालं असतं? मी तोंड मिटलं.

"रद्द करू ना, अण्णा?"

"न्हाई. ती सहा मानसं अनोळखी, त्यांस्नी काय ठावं? ह्या सगळ्यांस्नी मी ठावा हाय आन भाव बी ठावा हाय. चुकलंय का म्हणून एकानं इचारलं न्हाई. म्हंजे ह्यांनी सौदा केलाय. सौदा झाला की माल पोचवायचा."

"अण्णा, अडीच लाखांचं नुकसान आहे!"

"व्हय. गुणाकार येतोय मला."

आणि माल त्यांनी कुरिअरनं नाही पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बॉक्स टेंपोत भरले, काटा घेतला, स्वतः गाडी चालवायला बसले आणि मला म्हणाले, "तुमी संगं चला. पत्ते फोनात बघाय लागत्यात."

ते दोन दिवस मी जन्मात विसरणार नाही. प्रत्येक दारात एकच पद्धत. काटा खाली ठेवायचा, बॉक्स त्याच्यावर, पंधरा किलो दाखवायचे, बिल हातात द्यायचं, आणि चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, "एक बॉक्स बेदाणा. दोनशे दहा रुपये. मिळाले." बस. ना टोमणा, ना राग. डॉक्टर कानापर्यंत लाल झाले, म्हणाले, "अण्णा, मला वाटलं दिवाळीची ऑफर आहे." "व्हय, ऑफरच," अण्णा म्हणाले आणि गुडघ्याच्या गोळ्या कधी बदलायच्या ते विचारून घेतलं. मंदिराचे विश्वस्त म्हणाले, "प्रसादालाच घेतलाय हो, देवाचंच काम." अण्णा म्हणाले, "मग देवाला बी भाव सांगा." शेजारचा व्यापारी गाळा बंद करून कुठंतरी गेला होता, अण्णा त्याच्या पायरीवर दीड तास बसून राहिले. शेवटी तो आला, दहा बॉक्स उतरवून घेतले, आणि निघताना काय म्हणावं त्यानं? "प्रत तीच आहे ना, अण्णा? दुसरी नाही ना दिली?" अण्णांनी एक बॉक्स फोडून त्याच्या ओंजळीत दाणे ठेवले.

अण्णांच्या मुलीच्या बाई मात्र रडल्या. उरलेले पैसे घेऊन धावत टेंपोपर्यंत आल्या. अण्णांनी हात मागं घेतला. "भाव ठरल्यावर वाढवायचा नसतो, बाई." त्या रस्त्यावर तशाच उभ्या राहिल्या, पैसे हातात घेऊन. मला त्यांच्याकडं बघवेना, कारण त्यांनी निदान धावायचं धाडस केलं होतं.

तिसऱ्या दिवशी तीन बॉक्स उरले. दोन कराडचे आणि एक साताऱ्याचा.

आदल्या रात्री मी नवऱ्याला सगळं सांगितलं होतं. त्याचा चेहरा उतरला, पण म्हणाला, "अगं, त्याला काय कळतंय ती आपली कोण ते. तू खाली गाडीतच बसून राहा." सकाळी टेंपोतून मी त्याला मेसेज केला, 'मला सांगून टाकायचंय.' त्यानं हात जोडलेलं चित्र पाठवलं. कराड येईपर्यंत सांगू, असं ठरवलं. कराडचे दोन्ही बॉक्स उतरले. उंब्रज आलं. मग वाटलं, नागठाणे आलं की सांगू. तेही गेलं. अण्णा एकदाच बोलले, "पोरीचा ताप उतरला का?" मी हो म्हटलं.

साताऱ्यात, गोडोलीत पत्ता शोधायचं नाटक करायची वेळ आली तेव्हा मी फोन हातात घेतला. पण अण्णांनी विचारलंच नाही, पत्ता पाठ असल्यासारखा टेंपो सरळ माझ्या नणंदेच्या घरासमोर नेऊन लावला. मी गाडीतच बसून राहणार होते. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून ओरडणं ऐकू आलं, "आगंबाई, वैनी! तुमी?"

ती धावतच खाली आली. नवरा फौजेत, घरात ती आणि सासू. कुणी माहेरचं आलं की पोरगी अशीच धावते. माझा हात धरला, बॉक्स बघितला. "दादा म्हणला हुता भाऊबीजेचं पाठवतोय म्हणून, पर तुमी सोता घिऊन आला? आन हे?"

"आमचे मालक," मी कसंबसं म्हटलं.

"आवं अण्णा, वर चला की. च्या घेतल्याबिगर सोडणार न्हाई मी."

अण्णांनी रस्त्यावरच्या उन्हाकडं बघितलं. "दिवस हाय अजून. चला."

त्यांनी काटा घेतला नाही. बॉक्सचं एक टोक त्यांनी धरलं, एक मी, आणि आम्ही जिना चढलो. मी प्रत्येक पायरीवर वाट बघत होते, आता ते थांबतील, बिल काढतील आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ते वाक्य म्हणतील. खिशातून बिलाचा कोपरा बाहेर दिसत होता. वर जाऊन ते भिंतीला टेकून खाली बसले. त्यांनी नणंदेचं वजनसुद्धा सांगितलं नाही.

ती आनंदानं नुसती फुलून गेली होती. चहा ठेवला, बॉक्स उघडला, सासूच्या हातावर मूठभर दाणे ठेवले. "बघा आत्या, माज्या दादानं पाठवलंय. लय भारी हाय." बशीत घालून अण्णांपुढंही ठेवले. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "वैनी, एवढं महागाचं कशाला? दादाला काय कळत न्हाई. तुमी तरी नको म्हणायचं." आणि अण्णांना विचारलं, "अण्णा, खरं सांगा, केवढ्याला पडला ह्यो बॉक्स?"

खोलीत सासू होती, नणंद होती, चहा उकळत होता. मी जमिनीकडं बघत होते. स्वतःच्या मालाला जन्मात चांगलं न म्हणालेला, नवरीचं वजन स्टेजवर सांगणारा, रुपयाचं खोटं न खपवून घेणारा हा माणूस आता काय बोलणार, ते मला पाठ होतं.

"दोनशे दहानं किलो," अण्णा म्हणाले. "पंधरा किलो. तीन हजार एकशे पन्नास. तुमच्या दादानं पुरं पैसे मोजल्यात."

मी मान वर केली. ते बशीतला बेदाणा खात होते.

"आन वैनींनी नको म्हटलं न्हाई," ते पुढं म्हणाले, "चांगल्यातला बघून काढा म्हणाल्या."

नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ऐकूनसुद्धा खरं वाटेना. मी सात वर्षांत या माणसाला साधं 'बरंय' म्हणायला लावू शकले नव्हते, आणि तो माझ्यासमोर बसून शांतपणे, न अडखळता, दोन वाक्यं खोटी बोलला होता.

परतीच्या वाटेला लागलो. शेंद्रे सोडल्यावर मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही खोटं बोललात."

"व्हय."

"माझ्यासाठी कशाला बोललात?"

"तुमच्यासाठी न्हवं. त्या पोरीसाठी. तिनं काय केलंय?" त्यांनी गिअर बदलला. "तुमचा मिस कॉल अकरा वाजून बारा मिनिटांचा. माल बंद झाला अकरा बावन्नला. मशीनमधी लिवलंय सगळं. आन साताऱ्याच्या ऑर्डरीला तुमच्या यजमानांचा नंबर हाय. तुमाला उशीर झाला की मी त्यांस्नीच फोन करतो की."

म्हणजे पहिल्या संध्याकाळपासून त्यांना माहीत होतं. फोन दाखवून 'एकच मिस कॉल' म्हणाले तेव्हाही माहीत होतं. तीन दिवस, दारोदार, मला शेजारी बसवून घेऊन हिंडले, तेव्हाही. मी रडायला लागले. ते गाडी चालवत राहिले.

नागठाणे मागं पडल्यावर म्हणाले, "मी खोटं बोललो ते आता खरं करायचं तुमच्याकडं."

मी तिथंच फोन काढला. त्यांच्या खात्यावर पैसे पाठवले. त्यांच्या खिशात फोन वाजला, त्यांनी बघितला नाही.

"किती धाडलंसा?"

"दोन हजार नऊशे चाळीस. पुरे झाले, अण्णा."

"एका बॉक्सचं झालं," ते म्हणाले. "शहाऐंशी हुते."